एकाच फायबरमधे सगळे एकदम बोलायला लागले तर? (ऑप्टिकल कोड कसे बांधतात)

दिवेलागण

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात थर्ड इयरला सीडीएमए शिकवत होतो, म्हणजे तेच, प्रत्येकाला आपापला कोड, सगळे एकाच बँडमधे एकाच वेळी बोलतात आणि ज्याच्याकडे ज्याचा कोड त्याला त्याचंच ऐकू येतं. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, सर मग फायबरमधे हे का करत नाहीत, तिथे तर बँडविड्थ केवढी आहे. तासाला थोडक्यात उत्तर दिलं पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून जाईना, कारण एमटेकला मी ह्याच विषयात दीड वर्ष घालवलंय आणि मराठीत ह्यावर कुठे वाचल्याचं मला आठवत नाही. म्हणून हा धागा काढतोय, जरा मोठा होईल.

मूळ अडचण अशी आहे की रेडिओतले कोड +१ आणि −१ चे असतात. दोन वेगळे कोड एकमेकांशी गुणून बेरीज केली की प्लस मायनस कटतात आणि शून्य येतं. सगळी गंमत त्या मायनसमधे आहे. फायबरच्या टोकाला असतो साधा फोटोडायोड, त्याला उजेड किती आला एवढंच कळतं आणि उजेड उणे नसतो. दोघांचे पल्स एकाच क्षणी येऊन पडले तर ते वाढतच जाणार, एकमेकांना मारणार नाहीत. त्यामुळे रेडिओतले कोड उचलून इथे आणता येत नाहीत, मुळापासून वेगळे बांधावे लागतात.

कसे? तर घरं भरपूर घ्यायची आणि त्यातली मोजकीच पेटवायची. समजा एका बिटाच्या वेळेचे १३ तुकडे केले (ह्या तुकड्याला चिप म्हणतात, मी घर म्हणतो). पहिल्या माणसाने १ पाठवायचा असेल तर ०, १ आणि ४ नंबरच्या घरात पल्स सोडायचा. दुसऱ्याने ०, २ आणि ७ मधे. बिट शून्य असेल तर काहीच पाठवायचं नाही, अंधार. आता पहिल्याच्या घरांमधली अंतरं काढा: १, ३, ४. दुसऱ्याची: २, ५, ७. तेरा घरं गोल मांडलीत असं समजून उलट्या बाजूनेही मोजा, म्हणजे पहिल्याची १२, १०, ९ पण येतात आणि दुसऱ्याची ११, ८, ६. सगळी एकत्र लिहून बघा, १ ते १२ मधला प्रत्येक आकडा बरोब्बर एकदा येतो. एकही रिपीट नाही, एकही राहिला नाही.

ह्याचा अर्थ असा की दोघांनी एकमेकांची वेळ न बघता कधीही बोलायला सुरुवात केली तरी त्यांचे पल्स जास्तीत जास्त एकाच घरात एकमेकांवर पडतील. दोन ठिकाणी पडायचे असतील तर दोघांत एखादं अंतर समान असायला हवं आणि तेच तर आपण होऊ दिलेलं नाही. आपलाच कोड सरकवून आपल्यावर ठेवला तरी तेच. ह्याला ऑप्टिकल ऑर्थोगोनल कोड म्हणतात, १९८९ मधे बेलकोर ह्या अमेरिकेतल्या टेलिफोन संशोधन कंपनीतल्या फॅन चुंग, जवाद सालेही आणि व्हिक्टर वेई ह्यांनी त्याची नीट व्याख्या आणि गणित मांडलं. वरच्या कोडला (१३, ३, १) असं लिहितात, लांबी १३, पेटलेली घरं ३ म्हणजे कोडचं वजन ३, आणि टक्कर जास्तीत जास्त १.

रेडिओवाला

छान सुरुवात. मी आयुष्यभर रेडिओच केला, फायबर निवृत्तीनंतर वाचतोय. एक शंका, वॉल्श कोडमधल्या (रेडिओतल्या सीडीएमएचे नेहमीचे ±१ चे कोड) −१ च्या जागी ० टाकला तर काय बिघडतं? म्हणजे नेमकं किती बिघडतं?

दिवेलागण

काका, चार लांबीचे दोन वॉल्श घ्या, + − + − आणि + + − −. शून्य टाकलं की १०१० आणि ११००. पहिलं घर दोघांचंही पेटलंय. म्हणजे आपला स्वतःचा कोड आला तर उंची २ आणि दुसऱ्याचा आला तरी १. लांबी कितीही वाढवा हे प्रमाण असंच राहतं, निम्मी घरं पेटलेली आणि कुठल्याही दोघांची पाव घरं सामाईक. म्हणजे एक परका माणूस आपल्या निम्म्या उंचीचा खोटा सिग्नल देणार आणि असे दोन परके एकदम बोलले की आपलं शून्य सरळ एक दिसणार. जीपीएसचे गोल्ड कोड १०२३ लांबीचे असतात, त्यांचंही साधारण हेच होईल. १३ च्या कोडमधे आपली उंची ३ आणि परक्याची फक्त १, आणि लांबी वाढवली की आपली उंची वाढवता येते पण परक्याची १ च राहते. फरक इथे आहे.

अंतरा_एमटेक

सर मी सध्या ह्याच विषयात प्रोजेक्ट करतेय, धागा बघून फार बरं वाटलं. एक विचारायचं होतं. प्रुक्नल वगैरेंचे १९८६ चे प्राइम कोड जास्त सोपे नाहीत का, फक्त गुणाकाराचा तक्ता? ५ घेतला की २५ घरं, ५ दिवे, ५ माणसं, कोड शोधत बसायलाच नको.

दिवेलागण

सोपे आहेत, प्रश्नच नाही. पण त्यात दोघांची टक्कर २ घरांत होऊ शकते आणि पहिलाच कोड बघ, ०, ५, १०, १५, २०. पाच घरं सरकवला की स्वतःवरच जाऊन बसतो. रिसीव्हरला बिट कुठून सुरू झाला तेच कळणार नाही. नेटवर्क सिंक्रोनस असेल तर चालतात, नसेल तर नाही.

स्प्लायसर_नाशिक

मला गणित फार कळत नाही पण मी १४ वर्षं फायबरच जोडतोय, तर एवढं सांगा हे कोड मशीनमधे बनतात का फायबरमधे? म्हणजे एक पल्सचे तीन पल्स कोण करतं?

दिवेलागण

दादा, हा माझ्या सगळ्यात आवडीचा भाग आहे, कारण ते काम फायबरच करतं आणि तेही नुसत्या लांबीने. फायबरमधे प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण २० सेंटिमीटर जातो. मी एमटेकला एक घर १० नॅनोसेकंदांचं धरलं होतं, म्हणजे एक घर उशीर करायचा तर २ मीटर फायबर जास्त लावायचा. एक पल्स १:३ स्प्लिटरमधे टाकला, एका फाट्याला काही जादा नाही, दुसऱ्याला २ मीटरचा पॅचकॉर्ड, तिसऱ्याला ८ मीटरचा, आणि पुन्हा तिन्ही ३:१ ने एकत्र. झाला ०, १, ४ चा एन्कोडर. वीज लागत नाही, चिप नाही, प्रोग्राम नाही.

डिकोडर म्हणजे तेच पण उलटं. सगळ्यात आधी निघालेल्याला सगळ्यात जास्त थांबवायचं, ८ मीटर, मग ६, मग ०. म्हणजे तिघं एकाच क्षणी पोचतात. ऑसिलोस्कोपवर मी जे बघितलं ते अजून डोळ्यासमोर आहे, मधोमध एक उंच टेकाड आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तीन तीन असे सहा बुटके, प्रत्येक त्याच्या एक तृतीयांश उंचीचा, एकही दुसऱ्यावर चढलेला नाही. मग एन्कोडर काढून दुसरा लावला, ०, २, ७ वाला, डिकोडर तोच. टेकाड गायब. नऊ बुटके एका उंचीचे, रांगेत, मधे मधे मोकळी जागा. कागदावर मी हे आधी मांडलेलं होतं, कोणत्या घरात काय येणार सगळं माहीत होतं, तरी ते समोर दिसल्यावर मी लॅबमधे एकटाच उभा राहून बराच वेळ बघत होतो.

पण इथपर्यंत पोचायला मला दोन महिने लागले. सुरुवातीला चांगला म्हणून डीएफबी लेसर लावला होता आणि ते मधलं टेकाड एका जागी स्थिर राहीना, कधी आठ नऊ पट उंच, कधी जवळजवळ जमिनीला, टेबलाला हात लागला तरी बदलायचं. मला वाटलं कनेक्टर घाण आहेत, सगळे पुसले, पॅचकॉर्ड बदलले, एक स्प्लिटर बदलला. शेवटी लक्षात आलं की डीएफबीचा प्रकाश इतका एकसुरी असतो की तीन वाटांनी आलेले पल्स एकमेकांवर पडले की उजेडाची बेरीज होतच नाही, लाटांची होते, आणि लाटा एकमेकींना मारूही शकतात. आपलं सगळं गणित उजेडाच्या बेरजेवर उभं आहे. मग रुंद वर्णपटाचा एसएलईडी मिळवला, त्यात मायक्रोमीटरांत मोजावं लागेल एवढ्या अंतरापलीकडे लाटांचा मेळच राहत नाही, आणि टेकाड त्याच मिनिटाला शांत उभं राहिलं. अंतरा, तू प्रत्यक्ष सेटअप करणार असशील तर सोर्स पहिल्यांदा ठरव, हे मनापासून सांगतोय.

स्प्लायसर_नाशिक

हे एकदम समजलं. पॅचकॉर्डचं तर आमचं रोजचंच आहे. पण लॉस? १:३ दोनदा म्हणजे साडेनऊ डीबी (डेसिबल) गेले आणि पुन्हा डिकोडरला तेवढेच?

दिवेलागण

बरोबर पकडलंत. एका पल्सचा हिशेब केला तर जाताना नवव्या भागाला येतो, डिकोडरमधे पुन्हा नवव्या, म्हणजे एक्याऐंशीवा भाग, १९ डीबी. टेकाडात तिघं जमतात म्हणून ते १४ च्या आसपास वाचतं. वजन वाढवलं की हे अजून वाढतं.

परदेशी_पाहुणा

मी नेदरलँड्समधे ऑप्टिकल सिस्टिम्समधेच काम करतो. धागा उत्तम चाललाय पण वाचणाऱ्यांना प्रश्न पडेल की मग घरोघरी हे का नाही आलं. घरी येतं ते जीपॉन, म्हणजे एक फायबर स्प्लिटरने अनेक घरांत वाटायची पद्धत, त्यात घराकडून वर जाताना प्रत्येक घराला आपापली वेळ वाटून दिलेली असते. ओएलटी, म्हणजे एक्स्चेंजमधलं मुख्य यंत्र, प्रत्येक घराचं अंतर मोजतो, २० किलोमीटरवरचं घर आणि ५०० मीटरवरचं घर ह्यांचे पल्स एकमेकांवर पडू नयेत अशा बेताने परवानगी देतो. इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त झालं, त्यामुळे हा हिशेब ठेवणं स्वस्त झालं. कोडमधे मात्र सेकंदाला १ गिगाबिट पाठवायचं असेल आणि लांबी १००० असेल तर पल्स एक पिकोसेकंदाचा हवा, त्या वेगाला डिटेक्टर पण महाग आणि फायबरमधे तो पल्स पसरतो ते वेगळंच. एनजीपॉन२ च्या, म्हणजे जीपॉनच्या पुढच्या पिढीच्या वेळीही शेवटी वेळ आणि तरंगलांबी वाटून देणारी पद्धतच निवडली गेली.

दिवेलागण, तुम्ही मायनस नाही म्हणालात त्यात एक भर घालतो. १९९३ मधे झाकरिन आणि कवेहराद ह्यांनी कोड वेळेऐवजी रंगांवर टाकला, प्रत्येक माणसाला तरंगलांबींचा आपला संच. रिसीव्हरला दोन फोटोडायोड, एकात संच, दुसऱ्यात उरलेले रंग, आणि वायरमधे दोघांची वजाबाकी. म्हणजे मायनस उजेडात नाही पण करंटमधे आणता येतो. परका दोन्हीकडे प्रमाणात सारखा पडतो आणि कटतो. त्रास एवढाच की अनेकांचा एकाच रंगाचा प्रकाश एका डायोडवर पडला की तुमचं ते नाचणारं टेकाड तिथेही येतं, नॉइजच्या रूपात, आणि पॉवर वाढवूनही ते कमी होत नाही.

रेडिओवाला

मग कोड किती माणसांना पुरतात आणि चुका किती होतात ते पण सांगा कुणीतरी. आम्हाला आकडे लागतात.

अंतरा_एमटेक

काका हे मी केलंय. टक्कर १ ठेवायची असेल तर एका कोडला वजन गुणिले (वजन वजा १) एवढी अंतरं लागतात आणि एकूण अंतरं लांबी वजा १ एवढीच आहेत, म्हणून भागाकार करायचा. लांबी १००० धरली तर वजन ३ ला १६६, ४ ला ८३, ५ ला ४९ ह्यापेक्षा जास्त माणसं बसूच शकत नाहीत.

चुकांचं: एकूण १० जण एकदम बोलतायत, लांबी १०००, बाकी सगळा नॉइज सोडून दिला, फक्त एकमेकांचा त्रास मोजला. एका परक्याने नेमक्या त्या क्षणी आपल्यावर पडायची शक्यता वजनाचा वर्ग भागिले २००० अशी येते. वजन ३ ला १० लाख बिटांमागे साधारण ४ चुका, ४ ला १ कोटीमागे २-३, ५ ला १० कोटीमागे २. म्हणजे दोन दिवे वाढवले तर चुका जवळपास दोनशेपट कमी पण माणसं १६६ वरून ४९ वर. आणि मला जे फार आवडलं ते म्हणजे ह्यात चूक एकाच दिशेने होते, शून्याचा एक होतो, एकाचा शून्य कधीच होत नाही, कारण परका उजेड घालू शकतो, काढून घेऊ शकत नाही.

दिवेलागण

शाब्बास, सगळं बरोबर आहे. ह्यातच एक भर म्हणजे हार्ड लिमिटर, सालेही आणि ब्रॅकेट ह्यांनी १९८९ मधेच मांडलेला. डिकोडरच्या आधी सगळे पल्स एका उंचीला छाटायचे, म्हणजे एकाच घरात चार परके येऊन बसले तरी ते एकच मोजले जातात आणि खोटं टेकाड व्हायला प्रत्येक घरात वेगळा परका यावा लागतो.

अंतरा_एमटेक

सर पण माझा खरा प्रश्न कोड शोधण्याचा आहे. मी प्रोग्राम लिहिलाय, लहान अंतरापासून सुरू करायचं, जे बसेल ते घ्यायचं. लांबी १९ ला वजन ३ चे ३ कोड यायला हवेत. प्रोग्रामने ०, १, ४ घेतला, ०, २, ७ घेतला आणि तिथेच अडकला. उरलेली अंतरं ६, ८, ९, त्यातून काही जुळतच नाही. मी रात्री दोनपर्यंत बसले होते.

गणितवेडी

अंतरा, प्रोग्राम बरोबर आहे, रस्ता चुकीचा आहे. ०,१,४ ने सुरुवात केलीस की पुढचा ०,२,७ अंतरं खाऊन टाकतो. हे घे: ०,१,५ मग ०,२,८ मग ०,३,१०. अंतरं १,४,५ / २,६,८ / ३,७,१० आणि १९ मधे १० म्हणजे उलट बाजूने ९. एक ते नऊ सगळे आले, एकेकदाच.

आणि आता मला जे सांगायचंय ते जरा लांब आहे. तुम्ही करताय तो प्रश्न लेसरच्याही आधीचा आहे. १ पासूनचे आकडे तीन तीनच्या गटांत असे लावा की प्रत्येक गटात दोघांची बेरीज तिसरा येईल किंवा तिघांची बेरीज पूर्ण लांबी येईल, हा प्रश्न लोथर हेफ्टर ह्यांनी १८९७ मधे विचारला आणि रोझ पेल्टेसोन ह्या बाईंनी १९३९ मधे पूर्ण सोडवला. त्याच वर्षी कलकत्त्याला राजचंद्र बोस अशाच फरकांच्या पद्धतीने ब्लॉक डिझाइन बांधत होते, कशासाठी तर शेतातल्या प्रयोगांसाठी, कुठल्या वाफ्यात कुठलं बियाणं टाकलं की तुलना न्याय्य होईल. त्या बोसांकडेच नॉर्थ कॅरोलिनाला पीएचडी केली शरदचंद्र श्रीखंडे ह्यांनी, आणि १९५९ मधे बोस, श्रीखंडे आणि पार्कर ह्या तिघांनी लॅटिन चौकोनांबद्दलचं (प्रत्येक ओळीत आणि रकान्यात प्रत्येक चिन्ह एकदाच येतं असे चौकोन) ऑयलरचं पावणेदोनशे वर्षं जुनं अनुमान खोटं ठरवलं, न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली होती. श्रीखंडे सर नंतर मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते, २०२० मधे १०२ वर्षांचे होऊन गेले. एमएस्सीला डिझाइन थिअरी वाचताना त्यांचं नाव पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला किती आनंद झाला होता सांगू शकत नाही. वाफ्यांसाठी बांधलेली रचना पन्नास वर्षांनी काचेच्या धाग्यात वापरली जाते हे मी ज्याला त्याला सांगत असते.

वजन ३ साठी आता सगळं माहीत आहे, लांबीला २४ ने भागून १४ किंवा २० उरत असेल तर एक कोड कमी पडतो, बाकी सगळीकडे तो भागाकाराचा आकडा गाठता येतो. वजन वाढत गेलं की मात्र अशी सरसकट उत्तरं मिळत नाहीत.

रेडिओवाला

श्रीखंड्यांचं हे माहीत नव्हतं. ताई, ह्यावर वेगळा धागा काढाच. वाचनखूण साठवली.

स्प्लायसर_नाशिक

मला वेगळंच सुचतंय, चुकीचं असेल तर सांगा. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ कशात जातो तर स्प्लिटरच्या पुढे तुटलं की. एक्स्चेंजमधून ओटीडीआर (पल्स सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून फायबर तपासायचं यंत्र) लावला तर १:३२ च्या पुढचे बत्तीस फाटे एकावर एक दिसतात, दोन घरं सारख्याच अंतरावर असली की कुणाचं रिफ्लेक्शन कुणाचं काही कळत नाही. गेल्या पावसाळ्यात एका सोसायटीत असंच झालं, चार जिने, सगळ्यांचा ड्रॉप (स्प्लिटरपासून घरापर्यंतची केबल) जवळजवळ सारखा, मी आणि माझा जोडीदार संध्याकाळपर्यंत एकेक दार वाजवत फिरलो आणि जिथे वाकला होता ते घर नेमकं बंद होतं. प्रत्येक घराच्या टोकाला असा अंतरांचा कोड बसवला तर? पल्स इथून सोडायचा, प्रत्येक घर आपल्या सहीसारखं परत पाठवेल.

परदेशी_पाहुणा

दादा, तुम्ही जे म्हणताय त्यावर खरोखर काम झालेलं आहे, कॅनडात फतल्लाह आणि रश ह्यांनी २००७ च्या सुमारास हेच मांडलं. घराच्या टोकाला फायबर ब्रॅग ग्रेटिंग, म्हणजे ठराविक तरंगलांबी परत फिरवणारे फायबरमधलेच छोटे आरसे, ठराविक अंतरांवर. पल्स १६५० नॅनोमीटरच्या आसपास, त्यामुळे चालू सर्व्हिसला धक्का नाही. घरात वीज लागत नाही. सही आली म्हणजे फाटा धड आहे, नाही आली म्हणजे तुटलाय. आणि इथे प्रचंड वेग नको, माहिती एवढीच हवी की आहे का नाही, त्यामुळे मी वर सांगितलेल्या बऱ्याच अडचणी इथे येतच नाहीत.

दिवेलागण

आणि आरशामुळे प्रकाश जाऊन येतो म्हणून अंतर निम्मं लागतं, एका नॅनोसेकंदाला १० सेंटिमीटर. म्हणजे सगळा कोड तुमच्या टर्मिनेशन बॉक्समधल्या वेटोळ्यात बसेल. दादा, तुम्ही हे स्वतः सुचवलंत ह्याचा मला फार आनंद झाला. दोन आरसे तर मी देऊ शकतो, कॉलेजला जुने पडून आहेत.

स्प्लायसर_नाशिक

येतोच मग. रविवारी जमेल.

अंतरा_एमटेक

गणितवेडी ताई, प्रोग्राम बदलला, आता अडकला की मागे जाऊन दुसरी वाट धरतो. लांबी ३१, वजन ३, पाच कोड यायला हवे होते आणि पाच आले:

०,१,१२
०,२,१५
०,३,१०
०,४,९
०,६,१४

कुणीतरी तपासा प्लीज, मला माझ्यावर विश्वास बसत नाहीये.

स्प्लायसर_नाशिक

जेवणाच्या सुट्टीत स्लीव्हच्या खोक्यावर मांडून बघितलं. १,११,१२ / २,१३,१५ / ३,७,१० / ४,५,९ / ६,८,१४. एक ते पंधरा सगळे आले, एकही दोनदा नाही.